बिल्ले आणि डिस्चार्ज बुक : फौजीची पेटी कशी वाचायची

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे.)



आजचा विषय तसा घरगुती आहे. सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड, नगर, बेळगाव, कुठल्याही जिल्ह्यात जा, गावात दोन-चार घरं तरी अशी सापडतात जिथे काळी ट्रंक आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर लिहिलेला असतो, आत एक कोट, चार-सहा बिल्ले आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. बिल्ले हा घरातला शब्द, सरकारी शब्द पदक. बिल्ले सगळ्यांना दाखवले जातात, १५ ऑगस्टला बाहेर निघतात. कागद मात्र कोणी उघडत नाही, कारण ते इंग्रजीत असतात आणि घडीवर फाटलेले असतात.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. पदक आणि कागद हे दोन वेगवेगळे साक्षीदार आहेत. पलटण कुठे होती हे पदक सांगतं. माणूस कोण होता हे कागद सांगतो. दोघांची ताटातूट झाली की दोघंही निम्मे मुके होतात. आणि हा नुसता इतिहासाचा प्रश्न नाही. कित्येक घरांत तो म्हातारीच्या पेन्शनचा प्रश्न असतो. तिथपर्यंत आपण येणार आहोत.

आधी पदक वाचू

पदक हातात घेतलं की तीन गोष्टी बघायच्या. फीत, चेहरा आणि कड. आपण नेहमी चेहराच बघतो, पण खरी माहिती बहुतेक वेळा फितीत आणि कडेवर असते.

दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त संच त्या काळातले आहेत. त्या युद्धात भारतीय सैन्यात पंचवीस लाखांवर माणसं होती. त्यांना मिळालेले जे सहा टोकांचे तारे आहेत, ते सगळे लांबून सारखेच दिसतात. मधे राजाची मोहोर, आणि तिच्याभोवती त्या रणक्षेत्राचं नाव. फरक फितीत आहे. फिकट वाळूच्या रंगाची फीत, मधे लाल पट्टा, एका बाजूला गडद निळी रेघ, दुसऱ्या बाजूला फिकट निळी, हा आफ्रिका स्टार. वाळू म्हणजे वाळवंट, लाल म्हणजे भूदल, गडद निळा नौदल, फिकट निळा हवाई दल. लाल-पांढरी-हिरवी फीत, म्हणजे इटलीच्या झेंड्याचेच रंग, हा इटली स्टार. मधे रुंद लाल पट्टा आणि दोन्हीकडे निळ्यात नारिंगी रेघ, हा बर्मा स्टार. ती नारिंगी रेघ म्हणजे सूर्य.

प्रत्येक ताऱ्यामागे एक नियम आहे. आफ्रिका स्टारसाठी १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेत किंवा इरिट्रिया, ॲबिसिनियाच्या मोहिमेत असणं पुरेसं होतं. इटली स्टारचा काळ ११ जून १९४३ ते ८ मे १९४५. बर्मा स्टारचा ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५. '१९३९-४५ स्टार' सर्वसाधारणपणे सहा महिने रणक्षेत्रात काढलेल्याला. आणि वॉर मेडल, ते गोल पदक, ज्याने २८ दिवस सेवा केली त्या जवळपास प्रत्येकाला.

आणखी एक गोल पदक आपल्याकडे खूप सापडतं, इंडिया सर्व्हिस मेडल. प्रत्यक्ष लढाईबाहेर, भारतातच तीन वर्षं सेवा केलेल्यांसाठी ते होतं. काही घरांत मी ऐकतो, "आमचे आबा लढले नाहीत, नुसते इथेच होते." मंडळी, इथेच असलेल्या माणसांनी दारूगोळा चढवला, खेचरं सांभाळली, रिक्रूट घडवले, जखमींना उतरवून घेतलं. त्यांच्याशिवाय बर्माची लढाई एक आठवडाही चालली नसती. त्या पदकाची लाज वाटायचं काही कारण नाही.

आता कडेकडे या. इथे फार महत्त्वाची गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. गोल पदकांवर कडेला, १९१४-१५ च्या ताऱ्यावर मागच्या बाजूला. घरात पणजोबांचं चांदीचं गोल पदक असेल तर ते भिंगाखाली धरा आणि हळूहळू फिरवा, बारीक इंग्रजी अक्षरं दिसतील. त्यात '११७' आणि 'मऱ्हाटाज' असं वाचता आलं तर तुमचा पणजोबा ११७ मराठा पलटणीचा. आता १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात गेल्या होत्या आणि कूतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. तो वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. म्हणजे कडेवरच्या एका ओळीवरून तुम्ही कूतपर्यंत पोचता. पण तुमचा पणजोबा आत अडकला होता, की त्याआधीच जखमी होऊन परतला होता, की नंतर भरती झाला? ते पदक सांगत नाही. तिथून पुढे कागद लागतो.

दुसऱ्या महायुद्धाची पदकं मात्र ब्रिटिश सरकारने नाव न कोरता द्यायचं ठरवलं. त्यामुळे तुमच्या हातातल्या ताऱ्यावर बहुतेक वेळा कोणाचंच नाव नसतं. जुन्या बाजारात पडलेला बर्मा स्टार कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तोच तारा डिस्चार्ज बुकाशेजारी ठेवला की तो एका माणसाचा होतो.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने पुन्हा कडेवर नाव घालायची पद्धत ठेवली. म्हणून ज्याने दोन्ही काळांत नोकरी केली, त्याच्या संचातलं १९४७ नंतरचं नाव असलेलं पदक आधीच्या नाव नसलेल्या ताऱ्यांना ओळख देतं. अर्थात ते एकत्र राहिले तर. वाटणीत एकेका भावाकडे एकेक बिल्ला गेला, की हा धागा तुटला.

एक उदाहरण : रामा राघोबा राणे

दोन्ही काळांत नोकरी केलेला माणूस म्हणजे काय, ते एका नावावरून बघू. रामा राघोबा राणे. जन्म १९१८ चा, गाव कारवारजवळचं चेंडिया. १९४० च्या जुलैत ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे रिक्रूट म्हणून भरती झाले. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते काढणारे, सुरुंग पेरणारे आणि उचलणारे. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र पुण्यात खडकीला, आजही तिथेच आहे. तिथून राणे २६ व्या डिव्हिजनच्या फील्ड कंपनीत बर्माच्या आघाडीवर गेले.

आता वर सांगितलेले नियम लावून बघा. बर्मात सेवा, म्हणजे बर्मा स्टारचा हक्क. सहा महिन्यांहून जास्त काळ, म्हणजे १९३९-४५ स्टार. अर्थात वॉर मेडल. १५ ऑगस्ट १९४७ ला सैन्यात होते, म्हणजे भारतीय स्वातंत्र्य पदक. हे पदक कोणाकडे असेल तर नीट बघा, कारण त्यात एक गंमत आहे. फीत केशरी-पांढरी-हिरवी, मधे अशोकचक्र, आणि त्या चक्राच्या डोक्यावर मुकुट! भोवती लॅटिनमध्ये सहाव्या जॉर्जचं नाव. स्वातंत्र्याच्या पदकावर राजाचं नाव कसं? तर २६ जानेवारी १९५० पर्यंत आपण डोमिनियन होतो, राजा कागदोपत्री राजाच होता. पाठ्यपुस्तकातला एक अख्खा परिच्छेद त्या रुपयाएवढ्या धातूवर आहे.

त्यानंतर काश्मीर. १९४७ च्या डिसेंबरात राणेंना कमिशन मिळालं, ते सेकंड लेफ्टनंट झाले. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे फौज निघाली. रस्त्यात सुरुंग आणि झाडं पाडून केलेले अडथळे. रणगाडे पुढे सरकायचे तर कोणीतरी पुढे जाऊन रस्ता मोकळा करायला हवा होता. ८ एप्रिलला काम सुरू झालं आणि तोफांचा मारा आला. राणेंची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली, त्या पाचांत ते स्वतः होते. तरी ते मागे गेले नाहीत. पुढचे दिवस त्यांनी रणगाड्याच्या आडोशाने, गोळीबारात, रस्ता साफ केला. ११ तारखेला ते १७ तास काम करत होते. १२ ला फौज राजौरीत पोचली. या कामगिरीसाठी परमवीरचक्र. काश्मीरच्या त्या युद्धात एकूण पाच परमवीरचक्रं दिली गेली, त्यांतली तीन मरणोत्तर. राणे त्या उरलेल्या दोघांपैकी एक.

परमवीरचक्राचं चित्र ज्यांनी काढलं त्या सावित्रीबाई खानोलकर, जन्माने युरोपीय, लग्नाने खानोलकरांच्या घरच्या. पदक काशाचं, त्यावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती, फीत साधी जांभळी. त्याच काळातलं जनरल सर्व्हिस मेडल १९४७ बघा, काश्मीरसाठीचं. त्याच्या फितीवर 'जम्मू अँड काश्मीर १९४७-४८' अशी धातूची पट्टी असते. चेहऱ्यावर भवानी तलवार, पातं वर, भोवती तेजोवलय. काही वर्षांपूर्वी ज्याच्या बिल्ल्यावर इंग्रज राजाची मोहोर होती, त्याच्या छातीवर आता भवानी आली.

आणि छातीवरचा क्रम काळाप्रमाणे नसतो, हे लक्षात ठेवा. भारतीय पदकं आधी, ब्रिटिश काळातली नंतर. म्हणून काश्मीर बर्माच्या आधी दिसतं. जुना फोटो डावीकडून उजवीकडे वाचून, "आजोबा आधी काश्मीरला गेले आणि मग बर्माला," असं कोणी लिहिलं, तर ते उलटं झालं.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ मध्ये वारले. कारवारला त्यांचा पुतळा आहे, अंदमानातल्या एका बेटाला २०२३ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांची कामगिरी राजपत्रात छापलेली आहे, तारीख, वेळ, जागा सगळ्यासकट. शौर्यपदकाला असा कागद असतोच. साध्या सेवापदकांना तसा मानपत्राचा कागद नसतो. तिथे घरातल्या पिशवीकडे वळावं लागतं.

आता कागद

पिशवीत साधारण काय सापडतं? सर्वांत महत्त्वाचं डिस्चार्ज बुक किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेट. मग पेन्शनवाला असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. कधी पे-बुक, कधी मनीऑर्डरच्या पावत्या, एखादं पोस्टकार्ड, पलटणीसोबतचा लांबलचक फोटो.

डिस्चार्ज बुक उघडा. पहिला असतो नंबर. मंडळी, हा नंबर म्हणजे सगळ्या पेटीची किल्ली. नाव बदलतं, नंबर बदलत नाही. फार तर कमिशन मिळालं की नवा नंबर मिळतो, तेवढं सोडून. आपल्या नावांची त्या कारकुनांनी काय दशा केली ते तुम्ही पाहिलं असेल. पांडुरंगाचा पांडू होतो, धोंडीबाचा धोंडी. आडनाव कधी आहे, कधी नाही. एकाच माणसाच्या शिंदेचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं. रेजिमेंटच्या नावातला मराठासुद्धा त्या काळी 'मऱ्हाटा' असा लिहीत. तेव्हा नावावर अडून बसू नका, नंबर जुळवा.

पुढे भरतीची तारीख, गाव, तालुका, जिल्हा. जिल्हा जुना असणार. रायगडचा माणूस कुलाबा जिल्ह्यात सापडेल. जन्मतारखेच्या जागी बरेचदा नुसतं अंदाजाने लिहिलेलं वय असतं. गावाकडे निम्मी पिढी शाळेच्या दाखल्यात १ जूनला जन्मलेली आहे, तसलाच हा प्रकार. त्यावरून आजोबांची कुंडली मांडायला जाऊ नका.

मग उंची आणि ओळखीच्या खुणा. 'डाव्या भुवईवर व्रण', 'उजव्या हातावर गोंदण'. कित्येक घरांत आजोबांचा तरुणपणीचा फोटो नसतो. पण ते किती उंच होते आणि कपाळावर कुठे व्रण होता, हे त्या ओळीत आहे. पदकात हे कुठून येणार?

मग हुद्दा आणि काम. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. कोण ड्रायव्हर, कोण स्वयंपाकी, कोण सिग्नलवाला, कोण नर्सिंग ऑर्डर्ली. बर्मा स्टार या सगळ्यांना सारखाच. तो माणूस खंदकात होता, की रात्री दिवे न लावता डोंगरी रस्त्याने ट्रक चालवत होता, हे फक्त कागदावरून कळतं.

आणि मग येते ती ओळ, जिच्यासाठी मी हा विषय घेतला. डिस्चार्जचं कारण आणि एकूण सेवा.

सारखे बिल्ले, वेगळं नशीब

समजा एकाच गावचे दोघे १९४२ मध्ये एकत्र भरती झाले. हे दोघे मी समजावण्यासाठी मांडलेले आहेत, कोणा खऱ्या माणसाची गोष्ट नाही. दोघे एकाच पलटणीत, दोघे बर्मात. दोघांकडे तेच तीन बिल्ले. १९४६ मध्ये युद्ध संपल्यावर फौज कमी करायला सुरुवात झाली. एकाचं नाव कापलं गेलं, तो गावी आला. दुसरा राहिला, काश्मीर बघितलं, हवालदार झाला आणि १९६० च्या सुमारास पेन्शनवर आला.

पहिल्याची सेवा चार वर्षं. शिपायाला सेवापेन्शन मिळायला साधारण पंधरा वर्षांची सेवा लागते. म्हणजे पहिल्याला काही पैसे हातात मिळाले आणि विषय संपला. दुसऱ्याला मरेपर्यंत पेन्शन, त्याच्या मागे बायकोला कुटुंबपेन्शन. दोघांचे बर्माचे बिल्ले शेजारी ठेवा, काडीचा फरक दिसणार नाही. फरक डिस्चार्ज बुकातल्या एका ओळीत आहे.

पुढे सरकारने पेन्शन न मिळणाऱ्या दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी मासिक अनुदान सुरू केलं. ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मिळतं. तिथे पहिली मागणी काय असते? डिस्चार्जचा कागद. बिल्ला घेऊन गेलात तर साहेब उठून नमस्कार करेल, पण अर्ज पुढे सरकणार नाही. त्या बिल्ल्यावर नावच नाही! आणि कागद? तो कधीच घराच्या गळक्या कोपऱ्यात भिजून गेलेला असतो, किंवा "इंग्रजीत आहे, काय कामाचा" म्हणून कोणीतरी टाकून दिलेला असतो.

दुसऱ्या घरातही सगळं सुरळीत असतंच असं नाही. पलटणीत असताना लग्न झालं, मूल झालं, तर त्याची नोंद व्हावी लागते. तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. त्यात बायकोचं नाव असतं. आता आपल्याकडची रीत काय? लग्नात मुलीचं नाव बदलायचं. माहेरची सोना, सासरची लक्ष्मी. फौजीने घाईत एक नाव सांगितलं, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. नवरा असेपर्यंत कोणाला पत्ता नाही. तो गेल्यावर ऐंशी वर्षांच्या म्हातारीला सिद्ध करावं लागतं की सोना ती लक्ष्मीच. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो, आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. होतं, पण महिने जातात. या वयात महिने महाग असतात.

म्हणून माझी विनंती आहे. घरात माजी सैनिक हयात असेल, तर त्याच्यासमोर बसून आजच दोन गोष्टी तपासा. पत्नीचं नाव रेकॉर्डमध्ये कसं आहे, आणि ते बाकीच्या कागदांशी जुळतं का. दुरुस्ती तो स्वतः करू शकतो तोवर ती सोपी आहे.

जे परत आले नाहीत

काही घरांत डिस्चार्ज बुक नसतंच, कारण डिस्चार्ज झालाच नाही. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतली बाकीची माणसं पडली. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, ते घेतलं, आणि मग लांबून आलेल्या गोळीने पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. त्यांची स्वतंत्र कबर किंवा समाधी नाही. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे.

आपल्या बहुतेक सैनिकांचं असंच. हिंदू सैनिकांचं दहन झालं, किंवा देह मिळालाच नाही, म्हणून नावं स्मारकांवर. म्यानमारमध्ये टौक्यान इथे रंगून मेमोरियल आहे, त्यावर ज्यांना कबर नाही अशा सुमारे २७ हजार सैनिकांची नावं आहेत. त्या यादीत आपल्या गावांची नावं शोधा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर हे फुकट बघता येतं. नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, आणि बऱ्याच ठिकाणी वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गाव.

याच्या उलट, आपल्या खेड्यांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक युद्धाला गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढंच त्यावर असतं. आकडा आहे, नाव नाही. ते नाव जर कुठे असेल तर एखाद्या घरातल्या पदकाच्या कडेवर, नाहीतर कागदात. गावातल्या चार मुलांनी मिळून त्या पाटीवरच्या आकड्यामागची नावं लिहून काढली, तर तो गावाचा इतिहास झाला. त्याला विद्यापीठ लागत नाही, भिंग आणि वही लागते.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्याकडे कागद एकही उरला नाही. फक्त एक पदक आहे, त्याच्या कडेवर नंबर आहे. पुढे काय करायचं?

उत्तर : मग तुम्ही नशीबवान आहात, किल्ली तुमच्या हातात आहे. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, जसं कोरलंय तसं उतरवून घ्या, स्पेलिंग सुधारू नका. मग त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव. कुठे लिहायचं हे कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते योग्य पत्ता देतात. अर्जात तुमचं सैनिकाशी नातं लिहा आणि त्याचा पुरावा जोडा. पदक पाठवू नका, फोटो पाठवा. कडेचा फोटो तिरप्या उजेडात काढा, अक्षरं उठून दिसतात. शौर्यपदक असेल तर लंडन गॅझेट इंटरनेटवर शोधता येतं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच शौर्यपदकांच्या शिफारशी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

प्रश्न : पदकं काळी पडली आहेत. चिंचेने घासली तर चालतील का?

उत्तर : अजिबात नको! चिंच नको, राख नको, भांड्यांची पावडर नको. दर दसऱ्याला घासून घासून कडेवरची अक्षरं गेलेली पदकं मी पाहिली आहेत. चकाकतात छान, पण कोणाची ते कळत नाही. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, बस. फीत विरली असेल तरी फेकू नका, शेजारी जपून ठेवा. आणि कागदांना लॅमिनेशन करू नका. गरम होऊन प्लास्टिक चिकटतं ते पुन्हा निघत नाही. घडी उघडा, सपाट ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि भावंडांना पाठवून द्या. कोऱ्या पानांचेसुद्धा काढा, कोपऱ्यात पेन्सिलीने कोणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं.

प्रश्न : वाटणीत आम्हा तिघा भावांत बिल्ले वाटून घेतलेत. आता ते परत एकत्र कसे आणायचे? कोणी द्यायला तयार होईल असं वाटत नाही.

उत्तर : मागू नका, भांडण होईल. (हशा) सगळ्यांना एका दिवशी आपापला बिल्ला घेऊन बोलवा. बिल्ले आणि डिस्चार्ज बुक एका पांढऱ्या कापडावर मांडा, एकत्र फोटो काढा, आणि कागदावर लिहा की कुठलं पदक कोणाकडे आहे. त्या कागदाच्या तीन प्रती काढून प्रत्येकाच्या घरी एक ठेवा. बिल्ले वेगळ्या घरांत राहिले तरी चालेल, ते एकाच माणसाचे आहेत हे लिहिलेलं राहायला हवं. आणि त्या दिवशी घरातली सर्वांत म्हातारी बाई असेल, आत्या असो की काकू, तिला मधे बसवा. आजोबा कुठून कधी परत आले, येताना काय आणलं, रात्री झोपेत काय ओरडायचे, हे तिलाच ठाऊक असतं. ते ना पदकावर आहे, ना कागदात. ते त्याच वहीत लिहून घ्या.

वेळ संपली.